‘खा’ म्हणणारं माणूस

९ एप्रिल २०२१, शुक्रवार

आत्या म्हणते, डोक्यातला गोंधळ कागदावर उतरवला की त्याला निदान समास तरी मिळतो. म्हणून ही वही.

सोयगावकडच्या आमच्या शेतवस्तीपासून शाळा लांब होती, त्यामुळे पाचवीपर्यंत आत्यानंच मला घरी शिकवलं. वर्गात मी एकटी. पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. कुणाचं बघून लिहायची सोय नव्हती, आणि चुकलं तर ‘सगळ्यांचंच चुकलं’ असं म्हणायचीही नव्हती. अजूनही हातून काही चुकलं की वाटतं, वर्गात आपण एकट्याच बसलोय आणि आत्या चष्म्यावरून बघतेय.

सुखना फोर्जमध्ये मला लागून तीन महिने झाले. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी ट्रकचे सुटे भाग घडवते. मी मनुष्यबळ विभागात शिकाऊ. औरंगाबादेतले दवाखाने भरलेत, घरोघरी माणसं पॉझिटिव्ह येऊन पडलीत आणि त्यांच्याकडं स्वयंपाक करणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून कंपनीनं कँटीनमधून डबे सुरू केले. आमचे विभागप्रमुख बद्रीनाथ सर, त्यांनी योजनेला नाव दिलं ‘आनंदाचा घास’. प्रत्येक डब्यावर नारिंगी स्टिकर, त्यावर हसरा सूर्य आणि कंपनीचं नाव. दारापुढं स्टूल ठेवायचं, त्यावर डबा, फोटो काढायचा, बेल वाजवून निघायचं. फोटो पुण्याच्या मुख्य कार्यालयात जातात. सर म्हणतात, “फोटो नाही तर डबा नाही.”

डबे बरोबर आहेत ना आणि कुणी राहिलं नाही ना, हे बघायचं काम माझं. गाडी कय्युमभाईंची. ते म्हणाले, “मॅडम, तुम इत्ते बार गिनते, के डब्बा थंडा हो जाता.”

मी मग भरभर मोजले. आणि भरभर मोजल्यामुळे पुन्हा एकदा मोजले.

१२ एप्रिल, सोमवार

उद्या पाडवा. पुण्याहून श्रीखंडाचे कप आले आणि प्रत्येक डब्यात घालायला एक रंगीत कार्ड, ‘चला, सण गोड करू या!’

कँटीनच्या चतुराबाई माझी धावपळ बघून म्हणाल्या, “पोरी, तू तर नवरीच्या मावशीवानी फिरायलीस. जरा बस की.”

बसायला वेळ नव्हता. एक कप कमी भरला. शेवटचा डबा चिकलठाणा गावातल्या आशाबाईंच्या घरचा. नवरा दवाखान्यात, बायको पॉझिटिव्ह म्हणून घरात, सोबत सासू. त्यांचाच सण कोरडा जाणार हे मला पटेना. कय्युमभाईंना डेअरीपर्यंत पाठवून एक कप आणवला. हे कुणाला कळणारही नाही. पण मला बरं वाटलं.

१३ एप्रिल, मंगळवार. पाडवा

बरं वाटलं, असं काल लिहिलं. ते खोडत नाही. तिथंच राहू दे.

संध्याकाळी फोटो लावत होते. आशाबाईंच्या घरचा फोटो चांगला आला होता. स्टुलावर डबा, स्टिकरवरचा सूर्य समोर, श्रीखंडाचा कप झाकणावर उठून दिसेल असा. मागं दार अर्धं उघडं. आत जमिनीवर पीठ पसरलेलं आणि पिठावर एक दिवा.

माणूस गेल्यावर ठेवतात तो दिवा. फोटो मोठा करून पाहिला, तर कडेच्या दोन्ही घरांवर गुढ्या होत्या आणि त्या दारावर नव्हती. सुतकात कसली गुढी?

फोन लावला. आशाबाईंनीच उचलला.

“सुखना फोर्जमधून बोलतेय. आनंदाचा...” मी तिथंच अडकले.

“व्हय, डबा भेटला.” आवाज बसलेला होता. “आमचं माणूस काल गेलं दवाखान्यात. समदं तिकडंच उरकलं. तोंड बी दावलं नाय आम्हाला.”

“ते श्रीखंड... चुकलं आमचं.”

“असू द्या, ताई. गल्लीनं तर दारं लावून घेतली. तुम्ही निदान काहीतरी धाडलं.” मग त्या म्हणाल्या, “मी खाते. मला गोळ्या हायती. पण आमच्या सासूबाईंनी कालपासनं अन्नाला शिवलं नाय. पाव्हणे फोनवर रडत्यात, यायला कुणी तयार नाय. कडू घास कोण आणंल आता?”

ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, नातलग पिठलं-भाकरी घेऊन जातात, तो कडू घास. माझ्या लहानपणी आजोबा गेले तेव्हा आमच्या ओसरीवर एवढ्या टोपल्या आल्या होत्या की ठेवायला जागा नव्हती. माणूस गेल्यावर या घरी एकच डबा आला, आणि तो मी पाठवला. श्रीखंडाचा.

१४ एप्रिल, बुधवार

सर काल सुटीवर होते, आजही आले नाहीत. फोनवर सगळं सांगितलं आणि विचारलं, त्या घरी साधं पिठलं-भाकरी पाठवू का, स्टिकर न लावता?

ते म्हणाले, “शरयू, स्टिकरशिवाय डबा योजनेत बसत नाही. आणि मयताच्या घरावर आपला सूर्य चांगला दिसणार नाही. त्या घरचा डबा थांबवा.”

“थांबवू? पण सर, त्यांच्याकडं...”

“थांबवा.” त्यांच्यामागं कुणीतरी बेड नंबर पुकारत होतं. कंपनीनं दवाखान्याला पंखे दिलेत, त्या कामाला गेले असतील. “आणि मला दोन-चार दिवस फोन करू नका.”

एवढे तुटक ते कधी बोलत नाहीत. मी फार प्रश्न विचारते, हे त्यांनाही जाणवायला लागलंय.

१५ एप्रिल, गुरुवार

सकाळी असा विचार केला : सरांनी योजनेचा डबा थांबवायला सांगितला, तो थांबवला. माझ्या घरचा डबा थांबवायला त्यांनी सांगितलेलं नाही. विचार बरोबर आहे की पळवाट आहे, मला ठरवता येत नाही. दोन्ही असावं.

सिडकोतल्या माझ्या खोलीवर पिठलं केलं. हळद घालायची का, म्हणून आत्याला फोन केला. ती म्हणाली, “आपल्यात घालत नाहीत. त्यांच्यात काय करतात ते मला काय ठाऊक? बिनहळदीचं कर, कुणाला वावगं वाटणार नाही.” भाकरी मला जमत नाही. कडा फाटल्या, मधे जाड राहिली. तरी स्टीलच्या डब्यात बांधली आणि कय्युमभाईंकडं दिली.

डबा उघडला न जाता परत आला. आशाबाईंचा निरोप होता, सासूबाई नको म्हणाल्या, अन्न वाया घालवू नका.

पुन्हा आत्याला फोन.

“कुणी नेला?” आत्यानं विचारलं.

“ड्रायव्हरनं. दारात ठेवला, बेल वाजवली आणि...”

“आणि निघून आला. अगं, मग तो कडू घास कसा? तो पार्सल झाला.” आत्या शिकवताना बोलायची तशी सावकाश बोलायला लागली. “पोटचा पोर गेलाय तिचा. तिला भूक लागत नसेल का? लागते. पण लागली म्हणून लाज वाटते. पोरगं गेलं आणि मला भाकरी दिसते, असं वाटतं. म्हणून समोर माणूस लागतं, खा म्हणणारं. ती नाही म्हणते, हे पुन्हा खा म्हणतं. मग ती त्याच्यावर उपकार केल्यासारखं खाते. आजोबा गेले तेव्हा टोपल्या तुला आठवतात. टोपल्यांबरोबर आलेली माणसं आठवत नाहीत का?”

आठवत नाहीत. मी तेव्हा टोपल्या मोजत असणार.

म्हणजे कुणीतरी जायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण, हे आत्यानं विचारलं नाही.

१६ एप्रिल, शुक्रवार

गेले.

आधी भीतीबद्दल लिहिते, कारण ती खरी होती. दोन मास्क लावले, हातमोजे घातले, तरी गाडीत मी मास्कची दोरी पुन्हा पुन्हा तपासत होते. मला काही झालं तर सोयगावहून आत्या निघेल, कुणाचं ऐकणार नाही, आणि मग तिला होईल. एवढं सगळं मी गाडी गेटबाहेर पडायच्या आत मनात करून टाकलं.

भाकरी आज चतुराबाईंकडून करून घ्यायची ठरवली होती, पण त्यांची पाळी दुपारची निघाली, म्हणून पुन्हा माझीच.

गल्लीच्या तोंडाशी आडवे बांबू बांधलेले. त्याखालून वाकून गेलो. आशाबाई तोंडाला पदर बांधून आतल्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. साळूबाई, म्हणजे सासूबाई, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून. आम्ही अंगणातच थांबलो. आशाबाईंनी डबा आत ओढून सासूपुढं उघडून ठेवला.

मी म्हणाले, “कृपया थोडं जेवून घ्या.”

साळूबाईंनी वरही पाहिलं नाही.

“मॅडम,” कय्युमभाई हळूच म्हणाले, “ये बँकवालों जैसा नक्को बोलो.” आणि त्यांनी अंगणातूनच हाक मारली, “साळूमावशी! खाओ. दो घास खाओ.”

“कोण हाय?”

“कय्युम. हबीब मिस्त्री का लडका.”

“हबीब? इंजन दुरुस्त करायचा त्यो?”

“हौ, वोइच.”

साळूबाई थोड्या पुढं सरकल्या. “आमच्या मळ्यातलं इंजन त्यानंच लई डाव चालू करून दिलं. हाय का बाप?”

“नहीं मावशी, गए. दस बरस हो गए.”

“तू जेवलास का?”

“मेरा रोजा है. मगरिब को खाऊंगा.”

“मग? तू उपाशी उन्हात उभा आन् मला खा म्हणतूस?”

“तुम खाए तो मेरे को शाम को निवाला उतरेगा,” कय्युमभाई म्हणाले. “नहीं तो नहीं उतरेगा. फिर मेरा रोजा तुम्हारे सर पे.”

साळूबाईंनी डब्यात हात घातला. भाकरी उचलली, उलटी केली, बोटानं दाबून पाहिली.

“ही कुणी केली?”

“मी,” मी म्हणाले.

“वाटलंच. ही भाकर हाय का ढेकूळ?”

आतून आशाबाई हसल्या. हसल्या आणि तोंडावरचा पदर आणखी घट्ट धरला. साळूबाईंनी जाड भाग बाजूला टाकला, कडेचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. “पुढच्या येळी पीठ गरम पाण्यात मळ,” त्या म्हणाल्या. दुसरा तुकडा मोडला. तिसरा हातातच राहिला, आणि मग त्या रडायला लागल्या. “रामकिसनला कडंची भाकर लागायची,” एवढंच मला समजलं, बाकीचं समजलं नाही.

मला जवळ जाता आलं नाही. जाऊ नये, असा नियमच आहे. मी अंगणात उभी राहून म्हणत राहिले, “खा आजी. अजून एक घास. खा.” आणि त्यांनी खाल्लं. रडत खाल्लं, पण अर्धी भाकरी खाल्ली.

परत येताना कय्युमभाई म्हणाले, त्यांच्यातही असंच असतं. मय्यतीच्या घरात तीन दिवस चूल नाही, शेजारी खाणं आणतात. “इस साल कौन लाएगा? सब डर गए. डरना भी सही है, मॅडम.”

फोटो काढला नाही.

१७ एप्रिल, शनिवार

सरांना मेल लिहून सगळं कळवलं. तुम्ही थांबवायला सांगितलं होतं, मी स्वतःच्या डब्यातून नेलं, कंपनीची गाडी वापरली, परवानगी घेतली नाही. गाडीचं मला मेल लिहिताना सुचलं, आधी सुचलंच नव्हतं. तेही लिहिलं. योग्य ती कारवाई करावी, असं शेवटी लिहिलं. ते वाक्य तीनदा काढलं आणि परत घातलं.

उत्तर नाही. ऑफिसात चौकशी केली, तर म्हणाले, सर वैयक्तिक रजेवर आहेत.

२० एप्रिल, मंगळवार

साळूबाईंकडं रोज जातो. कय्युमभाईंनी आणखी दोन घरं शोधून आणली, एक मुकुंदवाडीत, एक त्यांच्याच मोहल्ल्यात. चतुराबाईंना कळलं. आधी त्या म्हणाल्या, “कंपनीच्या कँटीनातला कडू घास? ऐकलं नव्हतं बाई कधी. उद्या कंपनी बारसं बी घालील.” आणि मग पाळीच्या आधी येऊन भाकऱ्या थापून दिल्या. त्यांच्या भाकऱ्या बघून मला माझ्या भाकऱ्यांची खरी लाज वाटली.

पण कँटीनचं पीठ वापरलं. तेही मेलमध्ये घालावं लागेल.

२३ एप्रिल, शुक्रवार

सर आले. आल्या आल्या मला बोलावणं.

माफीचं पहिलं वाक्य पाठ करून गेले होते. सर खुर्चीत बसलेले, डोक्यावर क्रिकेटची टोपी. ती त्यांनी आत बसूनही काढली नाही. फार वाळलेत.

“तुमची मेल वाचली,” ते म्हणाले. “उशिरा वाचली.”

“सर, मी...”

“पिठलं कोरडं करता की पातळ?”

मला कळेना, हे चौकशीत कुठं बसतं. “पातळ, सर. घशाखाली उतरायला.”

“आणि सांगतं कोण? खा म्हणून?”

“कय्युमभाई. मी. त्या दिवशी जे असेल ते.”

त्यांनी टेबलावरचा नारिंगी स्टिकरांचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला. मग म्हणाले, “अशी घरं कळतील तेवढी घ्या. स्टिकर नको, कार्ड नको. फोटो अजिबात नको. पुण्याला काय सांगायचं ते मी बघतो.”

“सर, योजनेत बसत नाही, असं आपण...”

“मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “चुकीचं म्हणालो होतो.”

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. “एक डबा जास्तीचा द्या कय्युमभाईंकडं. घर मी त्यांना सांगेन. तुम्ही विचारू नका.”

बाहेर येऊन जिन्यात बसले. आनंद झालाय, पण त्या शेवटच्या वाक्याचं काय करू? सगळ्यांचे डबे मला माहीत आणि एकच माहीत नाही. सरांच्या ओळखीचं कुणी असेल, त्यांची सोय होत असेल, तर ते बरोबर आहे का? सरांवर संशय घेतेय, हेही बरोबर आहे का?

२६ एप्रिल, सोमवार

तीन दिवस दम धरला. आज गाडीत कय्युमभाईंना विचारलंच. तो जास्तीचा डबा कुणाला जातो?

“छोडो ना, मॅडम.”

“नाही सोडणार. मला झोप लागत नाही.”

“तुमको वैसे भी कहाँ लगती,” ते म्हणाले. मग गाडी कडेला घेतली. “साहब के घर जाता. उनकी अम्मा गुजर गई ना. जिस दिन हम पहली बार साळूमावशी के यहाँ गए, उसी दिन. घर में अकेले हैं. बीवी-बच्चे नासिक में अटके.”

मी हातातली डब्यांची यादी मिटली.

“दरवाजे पे खुद आते. पहले दिन डब्बा लिया और वैसेच खड़े रह गए. मय बोला, खा लो साहब. तो बोले, एक बार और बोलो.”

मागं बेड नंबर पुकारणारा आवाज. आत बसूनही न काढलेली टोपी. मी दोन्ही गोष्टी या वहीत माझ्या हातानं लिहून ठेवल्यात, आणि खाली पंख्यांचं कारण जोडलंय. कार्डावर सण गोड करायला निघालेली मी आणि ही मी, एकच.

२७ एप्रिल, मंगळवार

सरांचा डबा मी नेला. कय्युमभाई गाडीत थांबले. दार उघडल्यावर सर दचकले. डोक्यावर टोपी नव्हती, डोक्यावर नुकते केस फुटत होते. साहेबाला खा कसं म्हणायचं, याचा मी वाटेभर विचार केला होता. जेवा? जेवून घ्या? जेवणार ना?

“खा, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. “चतुराबाईंच्या आहेत ना भाकऱ्या?”

“हो.”

“मग खातो,” ते म्हणाले.

माझ्या भाकरीची कीर्ती ऑफिसात पोचलीय तर.

५ मे, बुधवार

घरं वाढली. वाढली याचा आनंद मानायचा नसतो, पण निदान कळायला तरी लागली. लोक स्वतःहून फोन करतात, आमच्या गल्लीत एक घर आहे, तिकडं कुणी गेलेलं नाही. फोर्जशॉपमधल्या काही जणांनी आपणहून पाळ्या लावून घेतल्या. घणासारखे हात असलेली माणसं, अंगणात उभी राहून अनोळखी म्हाताऱ्यांना लेकरासारखी समजावतात.

पुण्याहून एक बाई फोनवर म्हणाल्या की या उपक्रमाचं दृश्य काहीच नाही, अहवालात काय दाखवायचं? सरांनी फोन माझ्याकडून घेतला आणि म्हणाले, “काहीच दाखवू नका.”

आशाबाईंची तपासणी निगेटिव्ह आली. साळूबाई आता घरी चूल पेटवतात. त्यांच्याकडचा डबा बंद केला.

मला एक शंका मात्र छळते. कडू घास आपल्या माणसांनी न्यायचा असतो. आम्ही कंपनीची माणसं. गाडी येते, खा म्हणते, जाते. आम्ही जात राहिलो तर शेजारी कायमचेच दारं लावून बसतील का? मग आपण बरं केलं की वाईट? आत्याला विचारलं. ती म्हणाली, “आज भूक आहे ना? आज ने. उद्याचं उद्या बघ.” आत्याकडून एवढं सोपं उत्तर मला पहिल्यांदाच मिळालं. त्यामुळे ते बरोबर आहे की ती थकलीय, ते कळलं नाही.

१४ मे, शुक्रवार

ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी. कय्युमभाईंना सुटी घ्यायला सांगितलं होतं. नमाज घरीच करून दुपारी हजर. सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणला. चतुराबाईंनी दोन वाट्या घेतल्या आणि वर विचारलं, “खोबरं जरा कमी नाय का पडलं?” डब्यांच्या गाडीत मात्र कय्युमभाईंनी थेंबभरही ठेवला नाही. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, “मालूम है, मॅडम. वहाँ मीठा नहीं.”

दवाखान्यांत बेड मिळायला लागलेत, असं सगळे म्हणतात.

१९ मे, बुधवार

सकाळी फोन आला, चिकलठाण्यात साळूबाईंच्याच गल्लीत एक मयत झालं. भागूबाईंचे यजमान. भागूबाई घरात एकट्या, त्यांनाही ताप. चतुराबाईंनी भाकरी-पिठलं बांधून दिलं. मला पुन्हा तीच भीती, ही गल्ली दारं लावून बसलेली असणार आणि आपण अंगणात उभं राहून हाका मारणार.

बांबू काढलेले होते. गाडी आतपर्यंत गेली. भागूबाईंच्या पायरीच्या खाली, अंगणात, गोणपाटावर साळूबाई बसलेल्या. तोंडाला घट्ट बांधलेला पदर, शेजारी झाकलेली टोपली, उंबऱ्यात वाढून ठेवलेलं ताट. दारापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर, जिथं आम्ही त्यांच्या दारात उभे राहायचो.

“आलात व्हय?” त्या म्हणाल्या.

“डबा आणलाय, आजी.”

“इथं नको. आम्ही गल्लीतल्यांनी वाटून घेतलंय. आज मी, उद्या ती कोपऱ्यावरची, परवा तिच्या पलीकडली.” समोरच्या घरातून एक बाई तांब्या घेऊन येत होती. तिनं तो पायरीवर ठेवला आणि साळूबाईंपासून हातभर अंतरावर येऊन बसली.

आतून भागूबाईंचा आवाज आला, “माझ्याच्यानं नाय जायचं, साळूबाई. ने माघारी.”

“नाय कसं?” साळूबाईंचा आवाज असा चढला की कय्युमभाईसुद्धा मागं सरकले. “मी बी नाय नाय म्हणत हुते. माझं ऐकलं का कुणी? ह्या हबीबच्या पोरानं त्याचा रोजा माझ्या डोक्यावर घातला. मला तसलं काय येत नाय. मी हितंच बसणार, उन्हात. मला चक्कर आली तर तुझ्या दारात येईल. खा गुमान.”

मग आत ताट सरकल्याचा आवाज झाला.

मी डबा छातीशी धरून तशीच उभी. साळूबाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. “तू काय बघत बसलीस? भाकर गार व्हायली. जिथं कुणी नाय तिथं जा की, लेकरा.”

“जाते, आजी.”

“आन् हिच्या हातची नाय ना?” त्यांनी कय्युमभाईंना विचारलं.

“नहीं नहीं, मावशी. चतुराबाई की है.”

“मग जा.”

गाडी वळवताना कय्युमभाईंनी विचारलं, “किधर?” मुकुंदवाडीत काल एक घर कळलं होतं, ते सांगितलं. खिडकीची काच खाली होती. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागून आवाज येत राहिला. रागावलेला, न थकणारा, “खा. अजून एक. भागू, खा.”